हात लावायची बाग: दिव्यांग मुलांसाठी दहा बाय पंधरा फुटांत

आमच्या शाळेमागे, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांखाली, एक पट्टा रिकामा पडला होता. दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब. तिथे आम्ही मुलांसाठी बाग केली. हात लावायची, वास घ्यायची, ऐकायची, थोडी खायचीही. आता आसपासच्या शाळांतले शिक्षक आणि पालक येतात आणि पहिला प्रश्न हाच विचारतात, "ताई, झाडं कुठली लावायची?" झाडांवर येऊच. पण झाडांपासून सुरुवात केलेल्या बागा मी पाहिल्यात. कुंड्या देखण्या असतात आणि मुलं दाराशीच थांबलेली असतात. म्हणून क्रम असा धरा: आधी मूल, मग वाट, मग वाफा. झाडं सगळ्यांत शेवटी.

आठवडाभर नुसतं बघा

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. त्या सगळ्यांना पुरेल अशी एक बाग होत नाही. एकाच प्रकारातली दोन मुलंही सारखी नसतात. आमच्याकडे स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) निदान झालेली दोन मुलं आहेत. एक नळाखाली हात धरून तासभर बसेल, दुसरं हाताला ओलं लागलं की किंचाळतं. तेव्हा एक वही घ्या, प्रत्येक मुलाला एक पान द्या आणि आठवडाभर तीनच गोष्टी लिहा: आपणहून काय हातात घेतं, कशापासून तोंड फिरवतं, काय तोंडात घालतं. तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. माती, पानं, खडे तोंडात घालणारं एक जरी मूल असेल, तरी अख्खी बाग त्याच्या हिशेबाने करायची.

पालकांना चार गोष्टी विचारून ठेवा. फिट येते का? दमा आहे का? गिळायला त्रास होतो का? कशाची ॲलर्जी आहे का? फिटच्या काही औषधांनी घाम कमी येतो आणि मूल उन्हात लवकर तापतं. आपल्या मुलाचं औषध तसलं आहे का, हे डॉक्टरांना विचारायला सांगा. स्पायना बायफिडा, म्हणजे पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष, असलेल्या मुलांत रबराची ॲलर्जी बरीच आढळते, त्यामुळे रबरी हातमोजे बागेत आणूच नका. धनुर्वाताची लस झाली आहे ना, तेही बघा. हे कंटाळवाणं वाटतं, पण एक दुपार घालवली की वर्षभराची काळजी मिटते.

जागा आणि वाट

सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा निवडा. पाण्याचा नळ आणि संडास जवळ हवा. आयांना आणि मावशींना हे लगेच पटतं, आराखडा काढणाऱ्यांना उशिरा. सावलीसाठी हिरवी जाळी ताणा. बांबूच्या पट्ट्यापट्ट्यांचा मांडव दिसतो छान, पण त्याखाली ऊन-सावली लुकलुकत राहते आणि फिट येणाऱ्या काही मुलांना तसल्या प्रकाशाचा त्रास होतो. पाखरं हाकलायला जुन्या सीड्या टांगतात, त्याही याच कारणाने नकोत.

व्हीलचेअर जागच्या जागी वळवायला साधारण ५ फूट लागतात. आम्ही अख्खी वाटच ५ फुटांची ठेवली. तिच्या एका बाजूला २ फुटांचे टेबल-वाफे, दुसऱ्या बाजूला ३ फुटांत जमिनीवरच्या कुंड्या आणि वेलांची जाळी. झाले दहा फूट. "एवढी जागा वाटेतच घालवली?" असं म्हणणारे भेटतात. वाट ही वाया गेलेली जागा नव्हे. कितीतरी मुलांसाठी बागेत जाऊन वळणं हीच त्या दिवसाची कसरत असते.

वाटेवर खडी नको, वाळू नको. चाकं रुततात, काठी अडकते. आमच्याकडे काळी माती. पावसाळ्यात ती चाकांना अशी धरते की दोघांनी ढकलावं लागतं. आम्ही मुरूम धुमसून वर खरखरीत शहाबादी फरशी बसवली आणि सांधे सिमेंटने भरून घेतले. गुळगुळीत घोटलेली फरशी घेऊ नका. दोन्ही कडांना दोन इंचांचा उंचवटा करा, म्हणजे चाक घसरत नाही आणि न दिसणाऱ्या मुलाच्या काठीला वाटेची कड सापडते. कड पिवळी रंगवा, कमी दिसणाऱ्यांना तिचा आधार होतो. उतार करायचा तर १ इंच उंचीला १२ इंच लांबी, त्याहून चढा नको. सहा इंचांच्या पायरीला सहा फुटांचा उतार. गवंडी म्हणेल "तीन फुटांत बसवतो", तर त्याला व्हीलचेअरमध्ये बसवून ढकला.

वाफा मुलाच्या गुडघ्यावर

इथे मी चुकले, ते सविस्तर सांगते. मोबाइलवर फोटो पाहून मी २०० लिटरचा निळा ड्रम उभा चिरून आणला आणि लोखंडी घोडीवर आडवा बसवला. अर्धा ड्रम जवळजवळ फूटभर खोल. खाली गुडघ्यांना जागा सोडली २ फूट. म्हणजे कड जमिनीपासून तीन फुटांवर. सात वर्षांची मुलगी व्हीलचेअरमधून समोर आली, तर कड तिच्या हनुवटीला लागली. तिने मान वर करून विचारलं, "ताई, आत काय हाय?"

खोली हा सगळा घोळ होता. पुदिना, पानओवा, मेथी, कोथिंबीर, तुळस, चिनीगुलाब यांना ६ इंच माती पुरते. आता आमचा वाफा म्हणजे ४ फूट लांब, २ फूट रुंद, ६ इंच खोल पत्र्याचा ट्रे. खाली २ फूट मोकळी जागा, म्हणजे कड अडीच फुटांवर. हेही ब्रह्मवाक्य नव्हे. वेल्डरकडे जाण्याआधी मुलाला त्याच्या खुर्चीत बसवून जमिनीपासून गुडघ्याच्या वरपर्यंत आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेपने मोजा, आणि तो कागद वेल्डरच्या हातात द्या. चार मुलं, चार मापं असतील तर पायांना बोल्ट लावून उंची बदलती ठेवा.

ट्रेच्या तळाला बोटभर अंतरावर भोकं पाडा आणि त्यावर नारळाच्या शेंड्यांचा थर द्या. पत्र्याची कड कापते आणि एप्रिलमध्ये भाजतेही. जुना पाण्याचा पाइप उभा चिरून कडेवर चढवला की दोन्ही प्रश्न सुटतात. त्या ड्रमचं काय झालं? तो तसाच घोडीवर, उभ्याने काम करणाऱ्या मुलांसाठी ठेवला आहे. ड्रम घेताना आधी त्यात काय होतं ते मात्र विचारा. रसायनाचा असेल तर फुकटही नको.

गच्चीवर करणार असाल तर वजन धरा. असा एक ट्रे भिजल्यावर सव्वाशे ते दीडशे किलो भरतो. तो कठड्यालगत, खाली भिंत किंवा तुळई असेल तिथे ठेवा आणि जुन्या इमारतीत आधी इंजिनिअरला दाखवा. पण कठड्याशी चढून बसायला तो पायरी होणार नाही, हेही बघा.

माती: बागेची माती दोन वाटे, गांडूळखत किंवा कुजलेलं शेणखत दोन वाटे, कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एक वाटा. कोकोपीट आधी भिजवून घ्या, त्याची धूळ दमेकरी मुलांना बाधते. वर शोभेचे बारीक गोटे पसरू नका, ते घशात अडकतात. सुका पालापाचोळा पसरा. तो कुस्करायला मुलांना आवडतो आणि आवाजही छान येतो.

आता झाडं

अशा बागांची कल्पना तशी जुनी आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन वनस्पती उद्यानात दृष्टिहीनांसाठी सुगंधी बाग १९५५ साली झाली. तिकडच्या याद्या आता सगळीकडे फिरतात आणि त्यांत हटकून लॅव्हेंडर असतं, मेंढीच्या कानासारख्या मऊ पानांचं लॅम्ब्स इअर असतं. आपल्या पावसाळ्यात ही दोन्ही कुजतात. मी पैसे घालून खात्री केली आहे, तुम्ही करू नका. आपल्याकडे त्यांच्या तोडीचं बरंच आहे.

वासाबद्दल एक गोष्ट मला उशिरा कळली. पहिल्या वर्षी हौसेने मोगरा, निशिगंध, मरवा, गवती चहा एकाच टेबलाशी मांडले. एक मुलगी तिथे आली की ओढणी नाकाला लावायची आणि मागे सरायची. फुलांचा वास आपल्या अंगावर येतो, तो बंद करता येत नाही. पानांचा वास पान चुरडल्यावरच येतो. किती आणि केव्हा, हे मुलाच्या ताब्यात राहतं. म्हणून टेबलावर पानांच्या वासाची झाडं: पानओवा, मरवा, सब्जा, पुदिना, गवती चहा, कढीपत्ता. गवती चहाच्या पात्यांना धार असते, ती कडेला लावा आणि तोडून हातात द्या. दवण्याची एक कुंडी असू द्या, चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गेलेल्या घरातल्या मुलांना तो वास लगेच ओळखीचा लागतो. मोगरा लावायचाच तर एकच, टोकाला, ज्याला हवा त्याने तिथवर जावं.

स्पर्शाला पानओवा पुन्हा पहिला: जाड, लुसलुशीत, लव असलेलं पान, ओढलं-दाबलं तरी झाड मरत नाही. कोंबड्याचा तुरा मखमलीसारखा. पारिजातकाचं पान हाताला पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं, आणि पावसाळा सरताना सकाळी त्याचा सडा पडतो. एकेक फूल दोन बोटांत उचलून परडीत टाकणं हा चिमटीचा असा व्यायाम आहे की थेरपीच्या खोलीतले मणी त्यापुढे फिके. लाजाळू एका कुंडीत ठेवा. मुलांना तिची भारी गंमत वाटते, पण देठाला बारीक काटे असतात, म्हणून बोट कुठे लावायचं ते आधी दाखवा. श्रावण-भाद्रपदात तेरडा हवाच. त्याचं पिकलेलं बोंड दाबलं की फट्कन फुटतं आणि बिया उडतात. "मी केलं आणि झालं" हे समजायला याहून सोपा धडा नाही.

रंगासाठी गच्च पिवळा किंवा केशरी झेंडू, गडद पानांच्या पुढे. कमी दिसणाऱ्या मुलांना फिकट जांभळं-गुलाबी दिसत नाही, हे उठून दिसतं. दसऱ्याला फुलं हवी असतील तर जुलैच्या मध्याला बी टाका. चिनीगुलाबही लावा. त्याला ऑफिस टाइम म्हणतात ते उगाच नाही. शाळेची प्रार्थना होईपर्यंत मिटलेला असतो आणि ऊन चढलं की उघडतो, त्यामुळे ज्या मुलांना दिवसाचा क्रम ठरलेला लागतो त्यांचं ते घड्याळ होतं. ढगाळ दिवशी फूल उघडत नाही आणि मग आमच्या एका मुलाची फार चिडचिड होते, हेही सांगून ठेवते.

आवाजाला जाळीवर घोसाळी चढवा. शेवटची दोन-चार वेलावरच वाळू द्या, आतलं बी खुळखुळतं. गुलमोहोर आणि शिरीषाच्या वाळक्या शेंगा दोरीला बांधा. बांबूचे तुकडे, करवंट्या, एखादी गाईच्या गळ्यातली घंटा, एवढं पुरे, आणि मुलाने हलवलं तरच वाजेल असं. वाऱ्यावर दिवसभर वाजणारं काही टांगू नका. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलाला तो गोंगाटच होतो.

खायचं म्हणजे पुदिना, मेथी, मुळा, चेरी टोमॅटो. खाण्याची झाडं पांढऱ्या कुंड्यांत आणि बाकीची मातीच्या रंगाच्या, असा आमचा नियम आहे. तो सगळी मुलं पाळतात असं नाही, म्हणूनच पुढचा भाग आहे. गिळायला त्रास होणाऱ्या मुलाला पान चघळायला देऊ नका. पुदिना बोटावर चुरडून नुसता वास द्या, चवीचं काय ते त्याच्या वाचा-उपचार तज्ज्ञाला विचारून ठरवा.

ही झाडं फाटकाच्या आतही नकोत

कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी. आपण लहानपणी बिट्ट्यांनी खेळलो असू, पण बी विषारी असतं. तसेच धोत्रा, एरंड, कळलावी, गुंज, रुई, घाणेरी. नर्सरीवाला हसतमुखाने देतो त्यांतली अडेनियम, डिफेनबाकिया, काटेरी युफोर्बिया आणि रंगीत पानांचं शोभेचं अळूही नको. गुलबक्षीच्या काळ्या बिया पोटात गेल्या तर त्रास होतो, आणि फुलं उमलतात संध्याकाळी, शाळा सुटल्यावर. मग ती लावायचीच कशाला? कुंपणाकडेचं गाजरगवत दर आठवड्याला मोठ्यांनी, हातमोजे घालून उपटायचं. रासायनिक औषध फवारायचं नाही. मावा पडला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. नाहीच गेला तर ती कुंडी फेकून द्या.

छोटं कमळाचं तळं करू का, असं सगळे विचारतात. करू नका. वीतभर पाण्यातही मूल बुडतं, आणि डास होतात ते वेगळंच. पाण्याचा खेळ हवा तर परात टेबलावर ठेवा, मोठं माणूस शेजारी बसवा आणि खेळ झाला की पाणी झाडांना ओता.

पहिला महिना

एका वेळी दोन-तीन मुलं, पंधरा मिनिटं, ठरलेल्या वेळी. हात धरून मातीत खुपसायचा नाही. माझ्या मते हा एकच नियम असा आहे की जो मोडला तर बाग बंद केलेली बरी. आपला हात खाली ठेवा, मुलाचा हात त्यावर. तुमचा हात मातीत जातो आणि त्याला नको वाटलं तर तो आपला काढून घेऊ शकतो.

ओलं न चालणारा तो मुलगा पहिले दोन आठवडे बाकावर बाही ओढून बसला होता. मग लांब दांड्याचा डाव दिला, तो कोरडं कोकोपीट या डब्यातून त्या डब्यात करू लागला. पुढे वालाचे दाणे आले: मोठे, गुळगुळीत, कोरडे. ओल्या मातीत तो आजही हात घालत नाही. पण नळीने पाणी घालायचं काम त्याचं आहे आणि दुसऱ्या कोणी नळी उचललेली त्याला खपत नाही.

नुसतं हात लावून फिरायला मुलं चार दिवसांत कंटाळतात, त्यांना काम हवं. पकड कच्ची असेल तर वाल, चवळी, भोपळा असं मोठं बी द्या. व्हीलचेअरवरून वाकता येत नसेल तर तीन फुटांचा इंची पाइप मातीत टेकवून वरून बी सोडू द्या. ते टणटण करत खाली जातं, एकाऐवजी दहा सोडली जातात, जाऊ द्या. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, म्हणून पहिलं बी मेथीचं. खुरप्याच्या मुठीला जुन्या लुगड्याच्या चिंध्या जाड गुंडाळा. बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून ती दाबत पाणी घालणं, अर्धी झारी उचलून नेणं, अशा जोर लावायच्या कामांनी सैरभैर झालेली बरीच मुलं शांत होतात. मंजिऱ्या खुडणं हे चिमटीचं काम, झाडही डेरेदार होतं आणि मधमाश्या मुलांच्या हाताच्या उंचीवर येत नाहीत. आमच्या मावशी मात्र द्वादशीला तुळशीला हात लावू देत नाहीत. त्या दिवशी सब्जा खुडतो.

आणि कुंड्यांच्या जागा बदलू नका. आमची एक न दिसणारी मुलगी वळणावरच्या पानओव्याचं पान चुरडून "आलं, इथनं वळायचं" म्हणायची. एकदा मी ती कुंडी माती बदलायला दोन दिवस मागे नेली. ती वळणावर हात हवेत फिरवत उभी राहिली. मी कुंडी हलवली म्हणजे तिचा चौकच हलवला होता. आता हलवायचं असेल तर आदल्या दिवशी तिला घेऊन जाते, दोघी मिळून हलवतो.

वर्षाचं गणित

वेल्डिंग, फरशी, उतार ही कामं मे महिन्यात उरका. दोन चांगले पाऊस झाले की झाडं लावा. रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत स्वस्त मिळतात, पानओवा-पुदिना तर शेजाऱ्यांकडून फांदीवर आणा. पावसाळ्यात रोज सकाळी मुलं यायच्या आधी एका मोठ्या माणसाने काठी घेऊन चक्कर मारायची: गोम, साप, कुंडीखालचं साचलेलं पाणी. फरशीवरचं शेवाळ दर शनिवारी ब्रशने घासा. मांजरं ट्रेमध्ये घाण करतात, रात्री जाळी टाका. ऑक्टोबरच्या उन्हात बागेची वेळ सकाळी लवकर घ्या. दिवाळीनंतर मेथी, मुळा, कोथिंबीर पेरा, हेच सगळ्यांत सुखाचे महिने.

मे महिन्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार, हे एप्रिलमध्येच ठरवा. आम्ही मोठे ट्रे मावशींवर सोपवतो आणि लहान कुंड्या मुलांबरोबर घरी पाठवतो, सोबत चिठ्ठी: रोज एक पेला पाणी, पोराच्याच हातून. गेल्या वर्षी सतरा कुंड्या गेल्या, चौदा परत आल्या. तीन वाळल्या. त्यासाठी पानओव्याच्या वीतभर फांद्या जूनच्या पहिल्या आठवड्यात मातीत खोचून ठेवतो. आठ-पंधरा दिवसांत मुळं धरतात, आणि ज्याची कुंडी वाळली त्याला शाळा सुरू झाल्यावर नवी मिळते.